हयात भर

जयू, काल आमदारसाहेबांच्या कार्यालयातून फोन आला होता. त्यांनी विचारलं त्याचं उत्तर मी दिलं आहे. काय दिलं ते शेवटी सांगते. तू असतीस तर तेवढंच ऐकून उठली असतीस, आणि बाकीचं मला कधी सांगताच आलं नसतं. तुझ्याशी बोलताना माझी वाक्यं नेहमी तूच पुरी करायचीस. आता पहिल्यांदाच मला हवा तितका वेळ मिळाला आहे, आणि तो मला नको आहे.

आपली ओळख एका फाटक्या पुस्तकामुळे झाली. ठाण्याच्या हॉस्पिटलात मी वर्षाच्या तपासणीला आले होते. माझी छातीतली गाठ लवकर सापडली होती, काढून झाली होती. डॉक्टर दर वर्षी बघायचे आणि घरी पाठवायचे. तू डे-केअरच्या खुर्चीत बसली होतीस. एका हाताला सलाइन, दुसऱ्या हातात रहस्यकथा, आणि त्या पुस्तकावर आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयाचा शिक्का. तिथे ग्रंथपाल म्हणून आयुष्य गेलेली बाई तो शिक्का ओलांडून पुढे कशी जाणार? मी थांबले. तू वर बघून म्हणालीस, "तुम्ही या लायब्ररीतल्या का? बरं झालं. यात शेवटची दोन पानं नाहीत. माझी गोष्ट एक वेळ अर्धी राहील, पुस्तकाची तरी पुरी हवी ना."

वाचनालयात जाऊन मी दुसरी प्रत शोधली आणि ती दोन पानं हाताने उतरवून काढली. पुढच्या खेपेला तू ती वाचलीस, घडी घालून पुस्तकात ठेवलीस आणि म्हणालीस, खुनी कोण ते मला मधेच कळलेलं, पण अक्षर छान आहे तुमचं. आणि झेरॉक्स नावाची एक सोय निघालीय, ऐकलंय का? त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी 'लायब्ररी' झाले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आठवत नाही. तुझ्याकडे 'तुम्ही' फार टिकत नसे.

तुझा आजार मला समजायला वेळ लागला. मला वाटायचं कॅन्सर म्हणजे एक तर जातो, नाही तर नेतो. तुझाही आधी गेला होता. उपचार संपले, केस परत आले, तू बँकेत रुजू झालीस. मग काही वर्षांनी पाठ धरली. काउंटरवर बसून बसून दुखतेय असं तू धरून चाललीस. तो हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी सांगितलं की आता हा बरा होणार नाही, पण औषधांनी धरून ठेवता येईल, किती दिवस ते सांगता येत नाही. त्यावर तू त्यांना विचारलंस, "म्हणजे खातं बंद होत नाही, व्यवहार चालू राहतात, असंच ना?" डॉक्टर आधी हसले आणि मग म्हणाले, अगदी असंच.

कल्याणच्या तुझ्या शाखेत तू पेन्शनच्या काउंटरवर होतीस. नोव्हेंबर आला की म्हातारी माणसं हयातीचा दाखला द्यायला तुझ्यासमोर रांग लावायची. मी जिवंत आहे, अशी सही. त्यावर तुझा शिक्का. ज्यांना येववत नसे त्यांच्याकडे तू बँक सुटल्यावर जायचीस, मोहन्याला, शहाडला, कुठे कुठे. मोहन्यात जुन्या रेयॉनच्या कारखान्यातल्या कामगाराची म्हातारी बायको होती. तिने तुला विचारलं होतं, "हयात म्हंजे काय गो?" तू तिचा अंगठा धरून शाईवर टेकवत म्हणालीस, "तू हाईस ना, तेच." ही गोष्ट तू मला इतक्या वेळा सांगितलीस की ती आजी मी कधी न बघताही मला ओळखीची वाटते. तिथे मोठं काहीतरी घडलं होतं हे मला फार उशिरा लक्षात आलं. तुला एक शब्द सापडला होता.

ठाण्याच्या तलावपाळीवरची ती ऑक्टोबरातली कॅन्सरजागृतीची गुलाबी फेरी आठवते? कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांना मंचावर बोलावून 'विजयी' असे पट्टे घालत होते. पट्टे वाटणाऱ्या मुलीने तुला विचारलं, "ताई, तुमची ट्रीटमेंट कधी संपली?" तू म्हणालीस, संपली की कळवते. ती आधी हसली. मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. थोड्या वेळाने आयोजकांतल्या एक मोठ्या बाई आल्या, अगदी प्रेमाने तुझा हात धरला, आणि म्हणाल्या की तुम्ही खाली समोर बसलात तर बरं, नव्या पेशंट आहेत, त्यांचा धीर सुटायला नको. तू लगेच मागे गेलीस आणि भेळ घेऊन बसलीस. मी पट्टा घालून खाली उतरले तर म्हणालीस, "काय गं लायब्ररी, फायनल जिंकलीस? माझी मॅच अजून चालू आहे ना, म्हणून मला प्रेक्षकांत बसवलं." पट्टा तूच ठेवून घेतलास. पुढे तू त्याने फायलींचं बोचकं बांधायचीस. कितीतरी कार्यालयांच्या टेबलांवर तो 'विजयी' उलटा पडलेला मी पाहिला आहे.

परतताना मात्र रिक्षात तू तो पट्टा मांडीवर घेऊन त्याची घडी घालत होतीस. मग म्हणालीस, आम्ही कुणाला दिसतच नाही गं. रोग सापडला की एक नोंद होते, माणूस गेलं की दुसरी. मधे आम्ही जगतो ते कुणी लिहून घेतं का? आम्ही किती आहोत तेच ठाऊक नसेल तर आमच्यासाठी औषध शोधायला पैसे कोण ठेवणार?

हे नुसतं बोलणंच राहिलं असतं. त्याचं काम बनलं ते संगीताताईंमुळे. शहाडला भाजी विकणाऱ्या, तुझ्यासारखाच आजार हाडांपर्यंत गेलेल्या, सरकारी योजनेतून गोळ्या घेणाऱ्या. एके दिवशी त्यांना हॉस्पिटलच्या खिडकीवर सांगण्यात आलं की योजनेतले उपचार संपले. नियमात ओळ होती: 'रुग्ण रोगमुक्त होईपर्यंत उपचार देय राहतील.' लिहिणाऱ्याने ती चांगल्या हेतूनेच लिहिली असणार. पण जो रोगमुक्त होणारच नाही त्याचं काय, हा प्रश्न त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता, आणि खिडकीवरच्या माणसाने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता: बरं होणार नसेल तर उपचारही देय नाहीत. तू ती ओळ मला वाचून दाखवलीस आणि म्हणालीस, "मी रोगमुक्त होणार ती एकदाच. तेव्हा मला गोळी लागणार नाही."

तुला स्वतःला बँकेचा विमा होता. ती ओळ बदलली काय, न बदलली काय, तुझ्या औषधात फरक पडणार नव्हता. हे मी तुला एकदा बोलून दाखवलं, तू थोडी विश्रांती घ्यावीस म्हणून. तू म्हणालीस, विश्रांती घेऊन ताकद साठवू, आणि ती ठेवू कुठे, लॉकरमध्ये?

मग तू संगीताताईंसाठी एका ट्रस्टच्या दारात दर महिन्याला उभी राहायला लागलीस. गोळ्या मिळत, पण दर वेळी नव्याने विनवणी. आणि दुसरीकडे ती ओळ बदलण्यासाठी ठाण्याच्या फेऱ्या. त्या फेऱ्यांतली एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. एका सरकारी इमारतीत लिफ्ट बंद होती. तू जिना चढायला लागलीस. प्रत्येक वळणावर तू कुणाला तरी अडवायचीस: शिपायाला, झाडू मारणाऱ्या बाईला, सही घ्यायला आलेल्या एका आजोबांना. हे कार्यालय कुठे, साहेब कधी येतात, चहा बरा कुणाकडे मिळतो. मला वाटलं, हिला बोलायला फार आवडतं. वरच्या मजल्याजवळ पोचल्यावर मला उमगलं की तुला दम लागत होता, आणि तो दिसू नये म्हणून तू माणसं थांबवत होतीस. वर पोचलो तेव्हा आत कुणाला भेटायचं, तो कशावर चिडतो आणि जेवायला किती वाजता उठतो, हे सगळं तुला ठाऊक झालं होतं. मी तुझ्या मागे दोन पायऱ्या खाली फाइल धरून उभी होते. मोठी म्हणतात ती माणसं मी बहुतेक पुस्तकांतच पाहिली. त्या जिन्यावर मात्र मी एक समोर पाहिलं.

आमदारसाहेबांची भेट ठरली तेव्हा मी चार पानांचं टिपण तयार केलं होतं. कोश चाळून पसरलेल्या कॅन्सरसाठी 'विक्षेपण' असा शब्दही काढला होता. तू तो वाचून म्हणालीस, साहेब मला अंतराळात सोडतील. टिपण पिशवीतच राहिलं.

साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो आपल्याला आधी सगळ्यांनी फक्त चेहऱ्याने विचारला होता. "ताई, राग मानू नका. पैसा मोजकाच आहे. जो आजार बरा होत नाही त्यावर लावायचा, की ज्या बऱ्या होतील त्यांच्यावर?"

मला वाटलं, संपलं. तू पाण्याचा घोट घेतलास. तू दिवा स्टेशनच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावची, वडिलांचं मिठागर आणि थोडी खारजमीन, साहेबही खाडीकाठचेच. तू विचारलंस, "साहेब, उधाणाला बांधाला खांड जायची, खारं पाणी शेतात शिरायचं, तेव्हा तुमचे वडील काय करायचे?"

"खांड बुजवायचे."

"परत गेली तर?"

"परत बुजवायचे. दर वर्षीचंच होतं ते."

"आणि शेत? सोडून द्यायचे?"

"सोडतोय कोण? खाऱ्यात येणारा भात लावायचे." साहेब थोडे हसले होते. "नंतर तर सरकारी केंद्रातनंच तसं बियाणं यायला लागलं."

"ते बियाणं शोधायला कुणीतरी पैसे ठेवले असतील ना? खारं पाणी थांबत नाही हे माहीत असून?"

साहेबांनी समोरचा कागद बाजूला सरकवला.

"ते शेत बरं झालं होतं का?" तू विचारलंस.

"नाही," ते म्हणाले. "पण आम्ही त्यातलंच जेवलो."

तू म्हणालीस, "मी तेवढंच मागायला आलेय."

साहेबांनी त्यांच्या सहायकाला, जाधवांना, आत बोलावलं आणि आपल्या दोघींना अशासकीय विधेयकाचा, म्हणजे आमदाराने स्वतः मांडायच्या विधेयकाचा, मसुदा लिहून त्यांच्याकडे द्यायला सांगितलं. तीन गोष्टी त्यात असाव्यात असं ठरलं: पसरलेला कॅन्सर असलेल्यांची वेगळी नोंद, संशोधनाच्या निधीत त्यांच्यासाठी राखून ठेवलेला वाटा, आणि ती ओळ. बाहेर आल्यावर तू बाकावर बसलीस आणि बराच वेळ उठली नाहीस. मी विचारलं, खांडीचं आधी ठरवलं होतंस का? नाही, म्हणालीस, त्यांच्या टाचा बघितल्या, चिखलातल्या वाटल्या.

मग आपलं भांडण सुरू झालं, जे अजून मिटलेलं नाही. 'रोगमुक्त होईपर्यंत'च्या जागी मी 'आजीवन' लिहिलं होतं. तुझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर. तुझे यजमान सुरेशराव चहा ठेवून जाताना विचारायचे, आज कुठल्या शब्दाचा खून?

"आजीवन?" तू म्हणालीस. "कारावासाला लावतात तो?"

मी सांगितलं की तो शब्द कायद्याला कळतो, त्याचे दोन अर्थ निघत नाहीत.

"जल्लं तुझं ते आजीवन. तुमच्या लायब्ररीत आजीवन सभासद आहेत ना? त्यातले हल्ली येतात किती?"

त्यांतले बरेच वारले आहेत, आणि भिंतीवरच्या पाटीवर त्यांची नावं तशीच आहेत.

"बघ," तू म्हणालीस. "एकदा नाव लावलं की झालं. आहेस की गेलीस, परत कुणी विचारायला येत नाही. मला विचारलेलं हवंय. हयात भर, असं लिही."

मी म्हटलं, हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आलाय, कायद्याच्या मराठीत आता तो कमी दिसतो. तू म्हणालीस, कुठनं का आला असेना, इथे राहिला ना? आणि तू तुझ्या प्रतीवर लिहिलंस, नेहमीच्या तुझ्या सवयीने तोडून: हयात, मग जागा, मग भर. तू सगळेच शब्द तोडायचीस. 'घरा समोर', 'माझ्या कडे', 'बँके तून'. माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला आणि त्या दोन शब्दांवर मी जोडण्याची खूण केली.

तू ती खोडलीस. "राहू दे. मधे श्वास घ्यायला जागा नको?"

तू हसत होतीस. तू प्रत्येक गोष्ट हसत सांगायचीस, म्हणून हसण्यातलं काय खरं हे ओळखायला मला नेहमी वेळ लागायचा. कॅन्सर नुकताच तुझ्या फुप्फुसांत आला होता. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तुला माहीत होतं. मी पेन्सिल खाली ठेवली. शेवटी आपण दोन्ही प्रती पाठवल्या, तुझी आणि माझी. साहेबांनाच निवडू दे, म्हणालीस. मी मनात म्हटलं, ते 'आजीवन'च घेतील. अजूनही व्याकरणाने माझंच बरोबर आहे, जयू. हे तुला ऐकवल्याशिवाय मला राहवत नाही.

मग तुझी तोंडाची चव गेली. गोड, आंबट, काही कळेना. फक्त खारट कळायचं. बापाचं मीठ आहे, ते कसं सोडेल, असं तू म्हणायचीस. मी शाकाहारी घरातली, पण तुझ्यासाठी स्टेशनबाहेरून सुका जवळा घेऊन आले. आख्खी पिशवी तीन पदरी कागदात गुंडाळून. तू तिचा वास घेऊन इतकी हसलीस की ऑक्सिजनची नळी नाकातून सुटली. शेवटच्या आठवड्यात मी पेजेत मीठ घालून दिलं आणि विचारलं, बरोबर आहे का? तू मान हलवलीस. पण मी घाईत दोनदा मीठ घातलं होतं, ती पेज कुणाला गिळवली नसती. तू मला ते कळू दिलं नाहीस. मी घरी येऊन डब्यातला चमचा चाटून पाहिला तेव्हा मला कळलं.

तुझं उत्तरकार्य झालं. सुरेशरावांनी तुझी वाचनालयाची पुस्तकं परत केली. एकही उशिरा नव्हतं.

तू काढलेला तो व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे अजून. 'नोव्हेंबर' नावाचा. कल्याण, बदलापूर, टिटवाळा, उल्हासनगर, सगळ्या तुझ्यासारख्या बायका. मला त्यात तू शुद्धलेखनासाठी घेतलं होतंस आणि बजावलं होतंस, तू आमच्यातली नाहीस, तू लिहायचं नाही, वाचायचं. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी तू एकच शब्द लिहायचीस: हयात. मग एकेकीचं उत्तर यायचं: हयात, हयात, हयात. जिचं येत नसे तिला तू फोन करायचीस. सरकारने जी नोंद ठेवली नाही ती तू अशी ठेवत होतीस, आणि मला मात्र बरेच दिवस ती तुझी एक गंमत वाटत होती.

तू गेल्यानंतर पहिली एक तारीख आली. सकाळी कुणीच काही लिहिलं नाही. सुरुवात नेहमी तुझी असायची, तुझ्या आधी कोण लिहिणार? दुपार झाली. मी फोन समोर ठेवून बसले होते आणि मला वाटायला लागलं की हे आता असंच बंद पडणार. मग संगीताताईंचं आलं. 'हयात.' त्यांच्या गोळ्या अजून ट्रस्टच्याच आहेत. पुढच्या महिन्याचं अजून नक्की नाही. त्यांच्यामागोमाग बदलापूरच्या, मग टिटवाळ्याच्या, मग सगळ्या. मी काही लिहिलं नाही. मी वाचलं.

तर, कालचा फोन. जाधव होते. म्हणाले, विधेयक सचिवालयात द्यायचंय, शेवटची प्रत टाइप होतेय. "मॅडम, कलम तीनमध्ये अडलंय. एका प्रतीत आजीवन आहे, एकीत हयात भर. वकील म्हणतात अर्थ एकच, कुठलंही ठेवा. साहेब म्हणाले, मॅडमना विचार."

मी म्हटलं, "हयात भर."

"बरं. जोडून करतो ना? ही टायपिंगची चूक दिसतेय."

आयुष्यभर मी असे शब्द जोडत आले आहे. माझा हात टेबलावरच्या पेन्सिलीवर होता.

"नाही," मी म्हटलं. "जागा असू दे."

त्यांनी पलीकडे कुणाला तरी तसं सांगितलं. मग म्हणाले, ठीक आहे, मॅडम.

विधेयक चर्चेला येईल की नाही ठाऊक नाही. अशी कित्येक पडून राहतात, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि पुढे कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी ते दोन शब्द जोडेल; तिथेही माझ्यासारखी माणसं असतात, ती सोडत नाहीत. पण ते माझ्या हातून झालेलं नाही. आज त्या कागदावर, जिथे 'रोगमुक्त होईपर्यंत' होतं, तिथे तुझे दोन शब्द आहेत, जयू, आणि मधली जागा शाबूत आहे.